अर्धं लग्न मावणारा कॉम्प्युटर

आनंदा सुभेदारांना तुम्ही रामराम केला, तर ते लगेच उलट रामराम घालत नसत. आधी म्हणत, "जरा उजेडाकडं तोंड करा." मग तुम्ही मुकाट्यानं खिडकीकडे नाहीतर सूर्याकडे वळायचं, त्यांनी डोळे बारीक करून तुमचा चेहरा न्याहाळायचा, मान हलवायची आणि मग म्हणायचं, "हां. रामराम."

मी वाईहून कुंडलला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला आलो त्या दिवशी टेम्पोतून माझं सामान उतरत होतं. शेजारच्या घरातून हा उंच, काटक, मिशीवाला माणूस आला. मी नमस्कार केला. त्यांनी मला उजेडाकडे वळवलं, एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "नाक बरं हाय. लग्नात डाव्या अंगानं हुबं ऱ्हावा."

"माझं लग्न झालंय," मी म्हणालो.

"मग पोराच्या मुंजीत."

एवढं बोलून त्यांनी माझं लोखंडी कपाट एकट्यानं पाठीवर घेतलं आणि घरात नेऊन ठेवलं. कुठल्या भिंतीला ठेवायचं तेही त्यांनीच ठरवलं. तिथं उजेड चांगला पडत होता म्हणे.

सुभेदार ही त्यांची फौजेतली पदवी नव्हे. फौजेत ते रेडिओ दुरुस्त करायचे आणि नाईक म्हणून निवृत्त झाले. पण मिशीला नाईक हा शब्द कमी पडतो असं गावाचं मत होतं, आणि गावाचं मत खोडून काढायची त्यांना सवय नव्हती. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी थोडा ऊस लावला, आणि खांद्यावर घ्यायचा एक मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला. तेव्हापासून पंचक्रोशीत अक्षता पडताना सुभेदार नाहीत असं लग्न झालं नाही.

त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी हमखास यायच्या. वाक्याच्या सुरुवातीला "डोळं झाकून सांगतो," आणि शेवटी फौजेतून आणलेलं "कोई शक?" व्हिडिओवाल्यानं डोळे झाकून सांगू नये, असं मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "एक डोळा झाकूनच तर शूटिंग करत्यात, सर. कोई शक?" मला शक राहिला नाही.

चेहऱ्यावरच्या उजेडापुढे त्यांना काही सुचत नसे. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा. सुभेदार म्हणाले, "दाखवतो, पन तुमी हिकडं सरका. तुमच्या निम्म्या तोंडावर सावली हाय." एका घरी म्हातारं माणूस गेलं म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. थोरला मुलगा कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेला. सुभेदारांनी त्याचा दंड धरला आणि त्याला दाराशी, उन्हात आणून बसवलं. मला वाटलं आता भांडण होणार. पण तो मुलगा उन्हात बसला, जरा वेळानं त्यानं पाणी मागितलं, आणि घरातल्या बायका म्हणाल्या की सकाळपासून त्यानं घोटभरही घेतलं नव्हतं.

लग्नात त्यांची एक ठरलेली जोडीदार असे. त्यांची बायको, शेवंताकाकू. कॅमेऱ्यामागे ते आणि त्यांच्या मागे, एक पाऊल उजवीकडे, हातात लाईट घेतलेल्या काकू. त्या लाईटची आच इतकी की समोरचा नवरदेव लोण्यासारखा पाझरायला लागे. लाईटला लांबलचक वायर. ती सांभाळत, पदर खोचून, त्या मांडवभर नवऱ्यामागे फिरायच्या. दोघांमध्ये एक शब्द बोलणं होत नसे. सुभेदार खाकरले की लाईट वर, नाक ओढलं की खाली. कुणी जाडजूड मामा मध्ये उभा राहिला आणि "सरका, सरका" म्हणूनही हलला नाही, तर काकू सरळ त्याच्या डोळ्यांवर लाईट धरायच्या. मामा आपोआप अदृश्य व्हायचा. लहान मुलं त्यांना लाईटवाली काकू म्हणायची, आणि त्यांच्या जवळ जायला भ्यायची.

लग्न झालं की घरच्या दोन व्हीसीआरवर सुभेदार जोडाजोड करायचे. एकावर चालू, दुसऱ्यावर उतरवून घे, नको तिथं बोट दाब. त्यातही त्यांचा एक नियम होता. आलेला माणूस काढायचा नाही. एकदा गावातले एक बडे बागायतदार कॅसेट घेऊन आले. मुलीच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि मधल्या काळात त्यांचं भावाशी बांधावरून बिनसलं होतं.

"ह्यातनं आमचा धाकला काढून टाक," ते म्हणाले.

"लग्नाला आलता का न्हवता?" सुभेदारांनी विचारलं.

"आलता."

"मग हाय."

"आरं, पन मला त्येचं त्वांड बघायचं न्हाई!"

"मग तेवढ्यापुरतं डोळं झाका. माझ्या कॅसेटमदी आलेला मानूस ऱ्हानार. कोई शक?"

बागायतदार तणतणत गेले. पुढं भावाभावांचं जमलं, आणि दोघं मिळून सुभेदारांकडे जादा कॉपी मागायला आले.

अशा या माणसाच्या डोक्यात एक दिवस कॉम्प्युटर शिरला. शतक संपत आलं होतं. सांगलीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि शहरातले व्हिडिओवाले नवरीचा चेहरा बदामात, कमळात, धबधब्यात दाखवायला लागले होते. मला वाटलं सुभेदारांनाही धबधबा पाहिजे असणार. ते माझ्या ओसरीवर आले, मला उजेडाकडे वळवून झालं, आणि म्हणाले, "सर, उद्या सुट्टी टाका. सांगलीला जायचंय. तुमी इंग्रजी वाचा, मी मशीन वाचतो."

सांगलीच्या पहिल्याच दुकानात चपला बाहेर काढायला लावल्या. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत सगळीकडेच तसा रिवाज होता. सुभेदारांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "आत देव कुटला हाय?"

आत गारेगार होतं. टाय लावलेला एक तरुण पुढे आला आणि इंग्रजीत सुरू झाला. मेगाहर्ट्झ, रॅम, मल्टिमीडिया.

"काय म्हनतोय?" सुभेदार मला म्हणाले.

"फार वेगवान आहे म्हणतो."

"कुटं जायचंय त्येला?"

त्या तरुणानं कौतुकानं एक मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावून दाखवला. मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली. सुभेदारांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते टेबलामागे गेले, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा कॅबिनेटवर पंजा ठेवला, मग कान लावला, मग वास घेतला. "तापतंय," त्यांनी जाहीर केलं. "गार खोलीत ही तऱ्हा, तर वैशाखात माझ्या पत्र्याखाली काय हुईल?"

मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "ह्येच्यात लग्नं किती मावतील?"

तरुण गोंधळला. असा प्रश्न त्याला क्लासात शिकवला नसावा. त्यानं डिस्क केवढी ते सांगितलं, मी त्याचं मराठी केलं, सुभेदारांनी कॅसेटची लांबी सांगितली, आणि तिघांनी मिळून कागदावर गणित केलं. तरुणाचा चेहरा पडला. "साहेब," तो आता शुद्ध सांगलीच्या मराठीत बोलू लागला, "चांगल्या क्वालिटीत घ्यायचं म्हटलं तर… अर्धं."

"अर्धं लग्न?"

"व्हय."

"म्हंजे वरात याची, हळद लागायची, आन अक्षता पडायच्या आदी ह्येचं पोट भरनार?"

"तुकड्या-तुकड्यानं करायचं हो. आता साहेब, सगळीकडं असंच असतंय. तुम्हाला नेमकं काय करायचंय त्यात?"

सुभेदार त्याच्याकडे सरकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "एक मानूस आत घालायचा हाय."

"काढायचा?"

"काढायचा न्हाई. घालायचा. झालेल्या लग्नात."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही काही कळलं नव्हतं. आणखी तीन-चार दुकानं फिरलो, सगळीकडे हेच झालं. पंजा, कान, वास, किती लग्नं मावतील, आणि एक माणूस आत घालायचाय. एका ठिकाणी मालक हसला. सुभेदारांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. तासगाव मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "आमची सुरेखा पंचमीला आलती, सर."

सुरेखा त्यांची एकुलती मुलगी. मागच्याच वर्षी तिला मेढ्याला दिली होती. तिचं लग्न मी पाहिलं होतं. सुभेदारांनी त्यातही कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. मुलीचा बाप म्हणून जेवढे विधी टाळता येत नव्हते तेवढ्यापुरता तो तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचे आणि विधी आटोपला की पुन्हा खांद्यावर. आणि त्यांच्या मागे, एक पाऊल उजवीकडे, नेहमीप्रमाणे लाईट.

"तिकडं कॅसेट लावली की आळीतल्या बाया येत्यात बघाय," सुभेदार सांगत होते. "ह्यो मामा, ही मावशी, ह्यो बा, सगळी वळखून झाली. मग एकीनं इचारलं, आई कुटं हाय गं तुजी? पोरगी बघाय लागली. हिकडनं तिकडनं कॅसेट फिरवली. एका जागी न्हाई, सर. कन्यादानाला हिला बसू दिली न्हाई मी, चुलता-चुलतीला बसवलं. का, तर दुसऱ्या कुनाला लाईट धरता येत न्हाई. बाया म्हनाय लागल्या, आई न्हाई व्हय तुला? का सावतर हाय?"

गाडीनं वळण घेतलं. ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

"लग्नाला आलती का न्हवती? आलती. मग दिसाय पायजे," ते म्हणाले. शेवटी 'कोई शक' म्हणाले नाहीत.

त्यानंतर मी सुट्टी टाकायला कुरकुर केली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याच्या पुढं एका गल्लीत नीलिमाताई म्हणून एक बाई घरातच व्हिडिओ मिक्सिंग करायच्या, असं मला शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. सुभेदारांनी त्यांना उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. त्यांनी केलंही.

नीलिमाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. मग खोलीतल्या एका निळ्या पडद्यापुढे त्यांनी सासूबाईंना उभं केलं, छोट्या कॅमेऱ्यानं त्यांचं चित्र घेतलं आणि कॉम्प्युटरवर बसल्या. थोडी खुडबुड केली. पडद्याचा निळा रंग नाहीसा झाला आणि सासूबाई अजिंक्यताऱ्याच्या बुरुजावर उभ्या दिसू लागल्या. मागं सगळा सातारा पसरलेला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझे गुडघे?"

सुभेदार खुर्चीतून उठून उभे राहिले. "सासू गडावर चढवली! डोळं झाकून सांगतो, सर, काम पक्कं झालं."

त्या बाईंनी मग त्यांना नीट समजावलं. नुसता वेगवान घेऊन उपयोग नाही. कॅसेटमधलं चित्र आत घ्यायला वेगळं कार्ड लागतं, आणि तेच कच्चं निघालं तर चित्र आणि आवाज यांची ताटातूट होते. डिस्क एकाऐवजी दोन घ्या, एक कच्च्या चित्राला आणि दुसरी तयार झालेल्याला. कव्हरच्या झगमगाटावर जाऊ नका, सुटे भाग जोडून देणाऱ्याकडून बनवून घ्या. सुभेदार फौजेत आदेश घेतात तसे ताठ बसून ऐकत होते. शेजारच्या दुकानात असे कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाचं नावही त्यांनी मिळवून घेतलं.

त्या माणसाची मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं परीक्षा घेतली. पिशवीतून एक कॅसेट काढली. त्यात वरातीचा बँड होता. "ह्ये आत घ्या आन मला परत दाखवा," ते म्हणाले. पडद्यावर ढोलवाला आला. सुभेदारांनी नवरदेवाकडे पाहिलं नाही, घोड्याकडे पाहिलं नाही. ढोलावर पडणाऱ्या काठीवर नजर लावून बसले. काठी पडली, आणि जरा वेळानं धम्म ऐकू आलं.

"नापास," ते म्हणाले. "काठी आन आवाज एकदम पडाय पायजे."

कार्ड बदललं. पुन्हा ढोल. पुन्हा नापास. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच ईर्ष्या चढली. त्यानं आतून तिसरंच कार्ड काढलं, पुण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेलं. या वेळी काठी पडली की धम्म. पडली की धम्म. वरात संपेपर्यंत ताटातूट झाली नाही. दुकानदार आणि सुभेदार दोघंही ताल धरून माना डोलवायला लागले होते.

"ह्योच," सुभेदार म्हणाले. "आन कवर बसवू नका. आत वारं खेळू दे."

अशा रीतीनं तो उघडावाघडा कॉम्प्युटर उसाच्या गावी आला. पेंडीची पोती हलवून त्याला खोली दिली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. नारळ दारातच फोडला, कारण पाणी उडालं तर काय होईल हे सुभेदारांनी सगळ्यांना आधीच फार भीषण करून सांगितलं होतं. जोडलेलं चित्र तयार व्हायला त्या यंत्राला तासन् तास लागायचे. त्याला सुभेदार "शिजायला टाकलंय" म्हणत. मधेच लाईट गेली की सगळं कच्चं राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चूल पेटवायची. काकू भाकरी थापता थापता विचारायच्या, "शिजलं का वो तुमचं?"

आणि एका रविवारी सकाळी सुभेदारांनी अंगणात निळी ताडपत्री बांधली.

काकूंना सुरेखाच्या लग्नातलं लुगडं नेसायला लावून ताडपत्रीपुढं उभं केलं. हातात अक्षता. "टाक," सुभेदार कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"कुनावर?"

"सुरेखावर."

"सुरेखा मेढ्याला हाय."

"हाय असं समज की!"

काकूंनी हवेत अक्षता टाकल्या. कोंबड्या धावत आल्या. चित्रात कोंबड्या आल्या म्हणून पुन्हा टाकल्या. पुन्हा कोंबड्या. शेवटी मी काठी घेऊन कोंबड्या राखत बसलो आणि काम पार पडलं.

संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका जमल्या. मांडवात वऱ्हाडी दिसत होते, सुरेखा मुंडावळ्या बांधून उभी होती, आणि तिच्या बाजूला काकू आल्या. पण लुगड्याचे काठ आणि पदर निळे होते. कॉम्प्युटरनं ताडपत्रीबरोबर तेही पुसून टाकले होते.

"आवं," काकू म्हणाल्या, "माज्या पदरातनं बँडवाला दिसतोय."

खोलीत हशा पिकला. सुभेदार डगमगले नाहीत. पुढच्या रविवारी हिरवं कापड आणलं, तर काकूंची चोळी हिरवी निघाली. हात दंडापासून सुटे होऊन मांडवात फिरायला लागले. मग पिवळं आणलं, त्यात काकूंनी गालांना लावलेली हळदच उडाली आणि गालांना भोकं पडली. शेवटी शाळेतल्या नाटकाचा जांभळा पडदा मी आणून दिला, आणि एकदाच्या काकू अख्ख्या आल्या. फक्त त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सगळ्या वऱ्हाडाच्या वर वीतभर, चेहऱ्यावर भर दुपारचं ऊन घेऊन, त्या हसतमुखानं तरंगत होत्या. एका म्हातारीनं नकळत हात जोडले.

"डोळं झाकून सांगतो," सुभेदार म्हणाले, "मेढ्यात कुनाला कळनार न्हाई."

काकूंनी पुढं वाकून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ही मी न्हवं."

"तूच की! तुझंच लुगडं, तुझीच नथ."

"आसल. पन त्या दिवशी मी अशी हसत हुबी न्हवते."

"मग कशी हुतीस?"

"तुमाला काय ठावं," काकू उठता उठता म्हणाल्या. "तुमी पुढं बघत हुता."

त्या चहा टाकायला आत गेल्या. बायका पांगल्या. सुभेदारांनी कॉम्प्युटर बंद केला.

नंतर काही दिवस ते दिसले नाहीत. शाळा सुटल्यावर एक दिवस मी डोकावलो. दार-खिडक्या उघड्या होत्या, यंत्राचा पंखा घरघरत होता, आणि सुभेदार सुरेखाच्या लग्नाच्या मूळ कॅसेट, जोडाजोड करण्याआधीच्या, एकेक तुकडा करून आत घेत होते. निम्म्याच लग्नाची जागा, म्हणून बघितलेलं पुसायचं आणि पुढचं घ्यायचं.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"बसा," एवढंच म्हणाले.

पाठवणीचा भाग चालू होता. मांडवाबाहेर टेम्पो उभा. दिवेलागण झालेली. आंदणातलं आरशाचं कपाट चौघं-पाचजण टेम्पोत चढवत होते. आरसा कॅमेऱ्याकडे फिरला आणि सगळं चित्र पांढरंफेक झालं. शूटिंगचाच लाईट आरशातून उलटा आला होता.

"ह्यो तुकडा मी तवाच काढून टाकला हुता," सुभेदार म्हणाले. "खराब शॉट." आणि पुढं सरकवायला त्यांनी हात नेला, पण थांबले. कपाट चढवणाऱ्यांपैकी एकाचा तोल गेला होता. आरसा किंचित कलला आणि पांढरा झोत बाजूला सरकला. सुभेदारांनी चित्र मागं घेतलं आणि एकेक चित्र पुढं सोडायला सुरुवात केली.

पांढरं. पांढरं. मग कडेनं काळोख. मग आरशात एक खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस, एक डोळा मिटलेला. आणि त्याच्या मागे, एक पाऊल उजवीकडे, शेवंताकाकू. एका हातात लाईट उंच धरलेला. दुसऱ्या हातानं पदर तोंडात कोंबलेला. सगळा चेहरा पाण्यानं भिजलेला, इतका की लाईटच्या उजेडात तो चकाकत होता.

पुढच्या चित्रात कपाट सावरलं गेलं होतं आणि पुन्हा सगळं पांढरं.

सुभेदारांनी ते चित्र परत आणून थांबवलं. पंखा घरघरत होता. स्वयंपाकघरात काकू कुणाशी तरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होत्या.

"लाईट हालला न्हाई," सुभेदार म्हणाले.

मी पडद्याजवळ सरकलो.

"सगळी पाठवनी बघितली मी, सर. पयल्यापासनं. एवढी रडत हुती, पोरगी गळ्यात पडाय कुटं गावली न्हाई तिला, आन लाईट एकदाबी हालला न्हाई." त्यांनी मिशीवरून हात फिरवला, मग डोळ्यांवरून. "मी म्होरं बघत हुतो."

तरंगणाऱ्या काकू त्यांनी पुसून टाकल्या. आरशातला तो तुकडा संथ केला, अगदी संथ, डोळा भरून बघता येईल एवढा, आणि पाठवणीत जिथला तिथं लावला. तो शिजायला मध्ये दोनदा लाईट जाऊन दोन दिवस गेले. मग स्वतः एसटीनं मेढ्याला जाऊन कॅसेट देऊन आले. तिकडं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंकडून कळलं की सुरेखानं टीव्हीच्या काचेवर हात ठेवला आणि आळीतल्या बायांना म्हणाली, ही बघा माझी आई. आणि माझा बा पण. दोघांनी मिळून केलंय माझं लग्न.

त्या वर्षीच्या लग्नसराईतलं पहिलं लग्न आमच्या गल्लीतच होतं. मी गेलो तर सुभेदार कॅमेरा घेऊन एकटेच उभे. लाईट एका लोखंडी स्टँडवर बांधलेला. स्टँड त्यांनी लोहाराकडून करून घेतला होता आणि तो एका बाजूला कलत होता. काकू बायकांच्या घोळक्यात, पुढच्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग एका पोराला उगाचच मांडीवर ओढून घेतलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. आंतरपाट धरला. सगळ्या मांडवाची नजर नवरानवरीवर, आणि सुभेदारांचा कॅमेरा सावकाश वळत वळत बायकांच्या बाजूला आला आणि तिथंच थांबला. शेवटचं कडवं आलं. मुलीचा बाप हातवारे करायला लागला. सुभेदारांना त्याचं काही दिसत नव्हतं.

काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हातानं तिकडं वळा म्हणून खुणावलं, मग कुणी बघतंय का ते इकडंतिकडं पाहिलं. बघत होत्या सगळ्याच. मग त्यांनी पदर डोक्यावर पुढं ओढला आणि मंगलाष्टकांच्या वर आवाज चढवून ओरडल्या,

"आवं, नवरी तिकडं हाय!"